पट्टा पडायच्या आत एक दिवस द्या

संक्रांत झाली. होळीच्या आसपास, आणि ऊस कमी असेल तिथे त्याच्याही आधी, कारखान्यांचे पट्टे पडतील, म्हणजे गाळप थांबेल. ते थांबलं की दोन-चार दिवसांत शिवारातल्या कोप्या मोडतात, भांडीकुंडी आणि शेळ्या-कोंबड्या ट्रॅक्टरवर चढतात आणि ऊसतोड टोळ्या बीड, पाथर्डी, जामखेड, गंगाखेड, नंदुरबारच्या वाटेला लागतात. ज्यांच्यासाठी हे आवाहन आहे ती माणसं आपल्या गावाच्या हद्दीत आता जेमतेम सहा-सात आठवडे आहेत.

कराड, वाळवा, शिरोळ, फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरस, राहाता, श्रीरामपूर, किंवा कारखान्याचं धुराडं दिसतं असं कुठलंही गाव. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे, की या आठवड्यांतला एक दिवस ठरवा. त्या दिवशी ऊसतोड कुटुंबांना लागणाऱ्या सेवा त्यांच्या कोप्यांजवळ, एका जागी, एक पैसा न घेता मिळतील एवढी सोय करा. डॉक्टरीणबाई, नर्सताई, वकील, पोस्टमन, सेतू केंद्र चालवणारा, रेशन दुकानदार, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, गुरुजी, जनावरांचा डॉक्टर, सलूनवाला, चपला शिवणारा. यातली बरीचशी माणसं तुमच्या ओळखीची असतील, एखाददुसरं घरातलंही निघेल.

दिवाळीत फराळ आणि थंडीत ब्लँकेटं वाटणारी मंडळं या टापूत कमी नाहीत, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्लँकेट बाजारात मिळतं. जन्माचा दाखला मिळत नाही.

दाखल्याचं आधी सांगतो, कारण त्याला मुदत आहे. कोपीत किंवा फडात जन्मलेल्या बाळाची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा तसं सांगतो. २१ दिवसांत नोंद केली तर खर्च नाही. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आता डिसेंबरात वाळव्याच्या शिवारात झालेलं बाळ मार्चमध्ये आईबरोबर शिरूर कासारला गेलं असं धरा. तिथला ग्रामसेवक म्हणणार, जन्म इथला नाही, नोंद तिकडेच करा. तिकडे म्हणजे अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. एका कागदासाठी एवढा प्रवास कोण करील, आणि कुणाच्या पैशाने? १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्माचा दाखला हाच तारीख-ठिकाणाचा पुरावा ठरला आहे. म्हणून सेवा-दिवसाला ग्रामसेवक वही घेऊन बसलाच पाहिजे. बाळाचं नाव ठेवलं नसलं तरी नोंद होते, नाव मागाहून घालता येतं. ही गोष्ट बऱ्याच आयांना कुणी सांगितलेलीच नसते, म्हणून त्या बारशाची वाट बघत बसतात आणि २१ दिवस निघून जातात.

दुसरा विषय रेशनचा. अन्नसुरक्षा कायद्यात नाव असलेल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयवाल्याला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे पडत नाहीत. कार्ड बीडचं असलं तरी धान्य सांगलीतल्या किंवा नगरच्या दुकानातून उचलता येतं. निम्मं घर गावाकडे म्हाताऱ्यांपाशी आणि निम्मं इथे असेल तर दोन्हीकडे थोडं थोडं उचलण्याचीही सोय या व्यवस्थेत आहे. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात दुकानदार सांगतो, "तुमचं कार्ड तिकडचं, माल तिकडेच घ्या." त्यालाही भीती असते, की बाहेरच्यांना दिलं तर गावच्या कार्डांना कमी पडेल. तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकांना त्या दिवशी बोलवा आणि दुकानदारासमोर त्यांच्याच तोंडून हे वदवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. राहिला अंगठ्याचा प्रश्न. रोज बारा-बारा तास कोयता धरणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात, यंत्रावर ठसा उमटत नाही, आणि 'ठसा येत नाही' एवढ्यावर बाई रिकामी पिशवी घेऊन परत जाते. बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते, पण ओटीपीसाठी आधारला आज चालू असलेला मोबाइल नंबर जोडलेला हवा. तो जोडायचं काम पोस्टमन करतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र त्याच्या पिशवीत असतं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं आधारही त्यावरच काढता येतं. आधारच्या या सेवेचं काही शुल्क लागलं तर तेवढे पैसे गावाने भरावेत. एका वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये भागेल.

ग्रामसेवक, रेशनवाला आणि पोस्टमन ही तीन टेबलं शेजारी-शेजारी असावीत हे माझं मत आता लक्षात आलं असेल. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं आणि ही माणसं एरवी तीन दिशांना तीन वेगवेगळ्या वारी बसतात. ऊसतोड कामगाराला तीन दिवस सुट्टी मिळत नाही. त्याला खरं म्हणजे एकही मिळत नाही.

इथे खाड्याची गोष्ट आली. हंगामाआधी टोळी बांधणाऱ्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली असते. ती हंगामभर तोडून फेडायची. कामाला दांडी पडली की मुकादम खाडा लावतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडाची रक्कम उचलीत चढते. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं, तरी खाडा. तुम्ही सकाळी दहाला कारखान्याच्या सांस्कृतिक भवनात कितीही सुंदर शिबिर भरवा, टोळी फडातच असणार. मग गावातलीच चार माणसं ब्लडप्रेशर मोजून घेतील आणि फोटोत गर्दी दिसेल.

म्हणून वेळ त्यांच्या घड्याळाने ठरवा. टोळी पहाटे चारला उठते, उजाडायच्या आत फडात असते. डोकी सेंटरची, म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवणारी माणसं ट्रक भरेपर्यंत अडकतात आणि ट्रक रात्री अकरालाही येऊ शकतो. बैलांच्या टायरगाडीवाल्यांचा दिवस कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या रांगेवर ठरतो. दुपारी तीन ते रात्री नऊ ही वेळ बहुतेकांना जमते. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर आणखी बरं, कारण त्या दिवशी मीठ-मिरचीसाठी टोळीतलं कुणीतरी सुटतंच. शक्य असेल तिथे कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांशी बोलून त्या दिवशीची तोड कोप्यांच्या अड्ड्याजवळच्या फडात लावून घ्या. आणि मुकादमांना एकत्र बसवून त्या दिवसाचा खाडा लागणार नाही हे चारचौघांत कबूल करून घ्या. मुकादम हा काही सिनेमातला खलनायक नव्हे. त्याच्याही डोक्यावर कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून घेतलेल्या पैशाचं ओझं असतं, आणि उचल घेऊन पळालेल्या जोड्यांमुळे देशोधडीला लागलेले मुकादमही आहेत. टोळीचं आजारपण टळलं तर त्याचाच फायदा होतो. हे त्याला पटतं, फक्त कुणी मानाने बोलवून सांगायला हवं.

आता बायकांच्या तब्येतीबद्दल. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या. कारणं तुमच्या शिवारात उभी आहेत. मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं, बाळंतपण होऊन महिना व्हायच्या आत पुन्हा चढायचं. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी लांबच्या मोटारीवरून, पाळीचं कापड वाळवायला जागा नाही. अंगावरून जायला लागलं की अंगावर काढायचं, आणि अगदीच असह्य झालं की एखादा डॉक्टर 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक' असं सांगतो. काढून टाकली की पाळीचे खाडे वाचतात, हा हिशेबही कोपीत केला जातो. मग दुसऱ्या हंगामात कंबर, हाडं, चक्कर. त्या ऑपरेशनचं कर्ज उचलीत गेलेलं असतं ते वेगळंच.

तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ बाई असल्याशिवाय आरोग्याचं टेबल लावूच नका. पुरुष डॉक्टरसमोर या बायका 'अशक्तपणा वाटतोय' एवढंच सांगून गोळ्या घेऊन जातात. जाड पडद्याची खोली हवी. शाळेचा वर्ग, अंगणवाडी, नाहीतर कुणाच्या तरी घरची पुढची खोली. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, लघवीची तपासणी, धनुर्वाताची लस, गरोदर बायांचं वजन-माप. औषध द्यायचं ते पट्टा पडेपर्यंत पुरेल एवढं द्या, तीन दिवसांच्या गोळ्यांनी काही होत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: कुणाही बाईला त्या मांडवात शस्त्रक्रिया सुचवायची नाही. गरज वाटली तर शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी, तिथल्या तारखेसह, आणि सोबत कोण जाणार त्याचं नाव. बीडमध्ये त्या प्रकरणानंतर खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, ती उगाच नाही. 'आमच्या हॉस्पिटलतर्फे मोफत तपासणी' म्हणत पुढे येणाऱ्यांना तपासणीनंतर पेशंट कुठे पाठवणार ते आधी विचारून घ्या. उत्तर 'आमच्याकडेच' असं आलं तर नमस्कार करून दुसरीकडे बघा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. आयुष्मानचं कार्ड मोबाइलवर, चेहऱ्यावरून ओळख पटवूनही निघतं. कॉलेजातली दहा पोरं-पोरी आपापले फोन घेऊन बसली तर एका संध्याकाळी अख्ख्या अड्ड्याची कार्डं होतील. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं दर हिवाळ्यात श्रमसंस्काराला कुठेतरी जातातच. या वर्षी कोप्यांवर न्या. ई-श्रमची नोंदणीही तीच करू शकतात. वय १६ ते ५९ आणि भविष्यनिर्वाह निधीचं खातं नाही, एवढं असलं की होतं. मात्र नोंदणी बाईची वेगळी करा. कोयता म्हणजे जोडी असली तरी उचलीच्या वहीवर नाव नवऱ्याचं असतं, पैसेही त्याच्या हातात पडतात, आणि तिने आयुष्यभर तोडलेल्या उसाची नोंद कुठेच नसते. तिच्या एकटीच्या नावाचं निदान एक कार्ड त्या दिवशी तयार होऊ दे.

आता थोडं बैलांविषयी. सेवा-दिवसात जनावरांचा डॉक्टर कशाला, असं शहरातल्या वाचकांना वाटेल. गाडीवाल्यांच्या अड्ड्यावर माणसाआधी बैल दाखवला जातो. खांदा आलेला, खुराची पत्री निघालेली, रस्त्यावर घसरून गुडघा फोडलेला बैल बसला की अख्ख्या घराचा हंगाम बसतो. बैलांची तपासणी, मलमपट्टी आणि पत्री मारणारा कारागीर असं टेबल मांडवाच्या तोंडाशी ठेवा. बैल दाखवायला गडी येईल, रांगेत थांबावं लागेल, तोवर पोरं येतील, पोरांना बघत बाई येईल. माणसं कशी जमवायची याचा घोर लागणार नाही. सलूनवाला आणि चपला शिवणारा यांचंही तसंच. दोन महिने न कापलेले केस आणि चपलेचा तुटलेला अंगठा घेऊन वावरणाऱ्याला या गोष्टी फालतू वाटत नाहीत.

मुलांच्या बाबतीत शाळेने पुढाकार घ्यावा. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. ते इथल्या शाळेने भरून दिलं तर गावी गेल्यावर मुलाचं वर्ष वाचतं. मोठी मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे गुरुजींना माहीत असतं. धाकट्याला अंगणवाडीत घेतलं तरच ती सुटते. म्हणून गुरुजी आणि अंगणवाडीताई दोघं एका टेबलावर. लाभार्थी बाहेरगावची असली तरी तिला पोषण आहार आणि लस नाकारायची नसते, हे ताईंना ठाऊक आहे. पर्यवेक्षिकेने त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

वकिलांचं टेबल मात्र कारखान्याच्या आणि मुकादमांच्या टेबलांपासून लांब, शक्यतो पलीकडच्या झाडाखाली. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि अल्प उत्पन्न गटातले लोक यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीला पत्र द्या, ती वकील पाठवते. हेल्पलाइन १५१०० आहे. तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक कोपीच्या मेढीला बांधा. विचारले जाणारे प्रश्न साधे असतात: किती टन तोडलं, किती उचल फिटली, वही मुकादमापाशी आहे ती दाखवत नाही. वकिलाने निदान हिशेबाची वही कशी ठेवायची ते शिकवावं, आणि उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो हे स्पष्ट सांगावं.

एक काम इथे होणार नाही, ते आधीच सांगून टाका. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी लागणारं ओळखपत्र गावाकडच्या ग्रामसेवकाकडूनच मिळतं. इथे फक्त यादी करता येईल, कुणाचं निघालेलं नाही ते टिपता येईल आणि त्या-त्या गावाला ती यादी धाडता येईल. जमणार नाही ते जमेल म्हणून सांगितलं की पुढच्या वर्षी कुणी मांडवाकडे फिरकत नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना उभारला, १९५० मध्ये गाळप सुरू झालं, आणि मग या सगळ्या टापूत कारखान्यांच्या सावलीत शाळा, तंत्रनिकेतनं, मेडिकल कॉलेजं, दूधसंघ, बँका उभ्या राहिल्या. उसाच्या पैशावर डॉक्टर झालेली, वकील झालेली दुसरी-तिसरी पिढी आज गावात दवाखाना थाटून आहे. या दिवसाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस कारखान्यापासून दहा किलोमीटरच्या आत सापडेल. तो ऊस ज्यांनी तोडला त्यांच्या कोपीपर्यंत एका दिवसासाठी चालत जाणं एवढंच मागणं आहे. यात उपकार कसले? माझ्या मते ही बाकी आहे, आणि जुनी आहे.

खर्चाची धास्ती नको. मांडव, वीज, पाण्याचा टँकर, आणि सगळ्यांना पिठलं-भाकरी. कारखान्याने दिला तर आनंदच, पण दिलाच तर बॅनरवर चेअरमनसाहेबांचा फोटो ही अट मान्य करू नका. उद्घाटन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे यातलं काही ठेवू नका. पाहुण्यांची वाट बघण्यात जे दोन तास जातात ते या माणसांच्या झोपेतून जातात. फोटो काढायचाच असेल तर विचारून काढा. नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्ल टोळ्या असतील तर त्यांची बोली येणारं कुणीतरी मिळवा, नाहीतर त्या बायका मान हलवतील आणि काहीच न समजता निघून जातील.

सगळ्यात महत्त्वाची एक वही. कुणाचा कोणता कागद अर्धवट राहिला, कुणाला कुठल्या तारखेला रुग्णालयात जायचं, कुणाच्या बाळाचा दाखला कधी मिळणार, हे तिच्यात उतरवायचं आणि पट्टा पडेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी एकाने त्याचा पाठपुरावा करायचा. निवृत्त शिक्षक किंवा तलाठी हे काम उत्तम करतात. ज्याला ही जबाबदारी घेणारा माणूस मिळणार नाही त्याने मांडव घालूच नये, असं मी म्हणेन.

तर आज-उद्या सरपंच, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर, मुख्याध्यापक आणि दोन मुकादम एवढ्यांना एकत्र बसवा. याच आठवड्यात तहसीलदार आणि विधी सेवा समितीला पत्रं जाऊ देत, कारण सरकारी माणूस बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतात. दोन-तीन गावांनी मिळून केलं तरी चालेल. हद्दीवरून भांडत बसू नका. आणि तारीख पक्की झाली की सगळ्यांच्या आधी कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला सांगा. कुठली टोळी त्या दिवशी कुठल्या फडात असेल आणि किती वाजता मोकळी होईल, हे सगळ्यात आधी त्याला कळतं.